अर्ध्या तासाचं काम म्हणे!

एअरसॉफ्ट, म्हणजे खेळात छर्रे मारणाऱ्या रायफलीत बसवायच्या इलेक्ट्रॉनिक ट्रिगर युनिटच्या (ट्रिगरच्या सर्किट बोर्डाच्या) माहितीपत्रकावर लिहिलं होतं, बसवायला तीस मिनिटं. मला तीन संध्याकाळी लागल्या. तरी वस्तू चांगली आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढच्या कुरकुरीचा अर्थ कुणी उलटा लावायला नको. कंपनीचं नाव देत नाही. थोड्याफार फरकाने या सगळ्या बोर्डांची जातकुळी एकच.

माझा धंदा शिलाई मशीनच्या मोटरी दुरुस्त करण्याचा. कार्बन ब्रश, जळलेले पॉइंट, सैल झालेल्या वायरी, दिवसभर हेच. खेळातलं मला काही कळत नाही. पण भाच्याने त्याची एअरसॉफ्ट रायफल टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "मामा, सिंगलवर, म्हणजे एकेक छर्रा सोडताना, ट्रिगर मधूनच मरतो. फुल ऑटोवर, सलग सोडताना, एकदा ओढला की परत सुरू," तेव्हा दुखणं ओळखीचं वाटलं.

या रायफलीत बॅटरीवरची मोटर तीन गिअर फिरवते. शेवटचा सेक्टर गिअर पिस्टन मागे ओढतो, दात संपले की सोडून देतो, आणि स्प्रिंगने पुढे झेपावलेल्या पिस्टनची हवा 6 मिमीचा छर्रा ढकलते. साध्या ट्रिगरमध्ये मोटरचा सगळा करंट दोन छोट्या तांब्याच्या पट्ट्यांतून, म्हणजे पॉइंटमधून, जातो. सिंगलवर सेक्टर गिअरवरचा उंचवटा कट-ऑफ लिव्हर उचलतो आणि ट्रिगरची सरकपट्टी पॉइंटपासून सोडवतो. बॅटरी उतरली की गिअर अर्ध्या फेरीत अडकतो, लिव्हर उचललेलाच राहतो, आणि मग बोट कितीही ओढा. भाच्याचा 'मेलेला' ट्रिगर तो हाच.

पहिली संध्याकाळ उघडण्यातच गेली. बॅटरी आणि मॅगझिन काढलं, नळीत छर्रा उरला नाही याची खात्री केली, मोटर काढली आणि मोटरला जुळणाऱ्या बेव्हल गिअरच्या बाजूने, गिअर उलटा फिरू न देणारी खिटी दाबून गिअर मोकळे केले. हे आधी करायचं, नाहीतर आवळलेली स्प्रिंग गिअरबॉक्सचं झाकण उघडताच छताकडे जाते. मागच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालून स्प्रिंग धरून ठेवली तर फारच उत्तम.

पॉइंट बाहेर काढले आणि भिंगाखाली धरले. एका पट्टीच्या टोकाला मोहरीएवढा खड्डा, कडेला वितळून गोळा झालेलं तांबं, बाकी सगळी काजळी. भाचा 11.1 व्होल्टची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी लावतो, आणि मोटर सुरू होताना क्षणभर मोठा करंट खेचते. शिवाय पॉइंट सुटताना मोटरची गुंडाळी ठिणगी ओढते ती वेगळीच. शिलाई मशीनच्या पायपट्टीतही हेच होतं, फक्त तिथे पॉइंट जाड असतात. इथे मात्र बिचाऱ्यांच्या अंगात जीवच नाही.

नव्या युनिटमध्ये ही भानगडच नाही. कट-ऑफ लिव्हर आणि पॉइंट काढून टाकायचे, त्यांच्या जागी बोर्ड. त्यावरचे प्रकाशाने पाहणारे सेन्सर ट्रिगरचं सरकणं आणि सेक्टर गिअरची जागा बघतात, एक छोटा प्रोसेसर निर्णय घेतो आणि करंट मॉस्फेटमधून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचमधून, जातो. घासायला धातू नाही, ठिणगी नाही. गिअरने फेरी पूर्ण केल्याचं सेन्सरला दिसेपर्यंत मोटर चालते, त्यामुळे सिंगलवर अर्धवट अडकण्याचा प्रश्न जवळजवळ मिटतो.

दुसऱ्या संध्याकाळी माझा अंदाज चुकला. बोर्ड चपखल बसला, स्क्रू आवळले, गिअर बोटाने फिरवला तर बारीक 'खिर्र' असा आवाज. सेक्टर गिअर बोर्डावरच्या एका सोल्डरच्या थेंबाला घासत होता. मला वाटलं होतं, बोर्डच जाड असेल. कारखान्यातून गिअरच्या शिमा (पातळ चकत्या) डाव्या-उजव्या कशाही टाकलेल्या होत्या, हे नंतर दिसलं. 0.15 मिमीची एक शिम बाजू बदलून टाकली आणि आवाज गेला. पण त्यासाठी गिअर काढा, घाला, झाकण लावा, फिरवा, पुन्हा उघडा, असं पाच वेळा केलं. माहितीपत्रकात या कामाला एक ओळ आहे, 'गिअर बोर्डाला लागत नाहीत हे तपासा'. त्या ओळीत माझी एक संध्याकाळ गेली.

ग्रीसही जपून लावायचं. शिलाई मशीनवाल्याला हात सैल सोडायची सवय, पण सेन्सरवर एक ठिपका पडला तरी त्याला गिअर दिसत नाही.

तिसऱ्या दिवशी सिलेक्टरच्या (सिंगल की फुल ऑटो ठरवणाऱ्या) पट्टीवर सोबत आलेलं काळं स्टिकर चिकटवलं. केसभर सरकलं होतं, म्हणून सिंगलवर ठेवलं तरी बोर्डाला फुल ऑटो वाटायचं. काढून पुन्हा लावलं. मग झाकण बंद करताना जाड लाल वायर कडेत चिमटली. बॅटरी जोडण्याआधी मल्टिमीटर लावायची सवय होती म्हणून कळलं, नाहीतर पहिल्याच जोडणीत बोर्ड गेला असता. पहिली चाचणी 7.4 व्होल्टवर केली, डोळ्यांवर चष्मा आणि नळी भिंतीकडे.

आता ट्रिगरबद्दल. ओढ इतकी कमी झाली की भाचा दोनदा म्हणाला, "झालं? सुटला?" मोटरचा प्रतिसादही जलद. प्रीकॉकिंग चालू केलं तर गोळी सुटल्यावर बोर्ड पिस्टन थोडा मागे ओढून थांबवतो, म्हणजे पुढच्या वेळी विलंब फारसा राहत नाही. मात्र मग ठेवताना स्प्रिंग आवळलेलीच राहते, ती आधी सोडून ठेवायची. ॲक्टिव्ह ब्रेक, म्हणजे गोळी सुटल्यावर मोटर लगेच थांबवण्याची सोय, मी बंद ठेवला. ब्रेकसाठी मोटरची दोन टोकं आपसांत जोडली जातात, त्यात मोटर गरम होते आणि ब्रशही घासतात. जबर मोटर आणि हलकी स्प्रिंग असली की गिअर पुढे धावतो, तिथे ब्रेक हवाच. इथे स्प्रिंग चांगली कडक आहे, तीच गिअरला आवरते.

एका गोष्टीचा मात्र खरा राग आला. सेटिंग बदलायला ट्रिगर ठरावीक वेळ धरायचा, मोटर किती वेळा गुणगुणते ते मोजायचं, मग पुन्हा ओढायचं. मोजण्यात एक चुकलं की पहिल्यापासून. वेगळं कार्ड किंवा मोबाईलची सोय असलेले बोर्ड मिळतात. दुसऱ्यांदा घ्यायचं तर मी तेच घेईन. बॅटरी संपत आल्याची सूचना मात्र कामाची आहे, कारण लिपो खूप खाली उतरवली तर ती परत उठत नाही.

ज्याची रायफल 7.4 व्होल्टवर शांतपणे चालते, त्याला एवढ्या खटाटोपाची गरज नाही. साधा मॉस्फेट लावला तरी पॉइंट जळायचे थांबतात, कट-ऑफ आपल्या जागी राहतो आणि गिअरबॉक्समध्ये एवढं कमीजास्त करावं लागत नाही. गिअरबॉक्स आधीपासून खडखडत असेल तर आधी तो नीट करा. बोर्ड बसवून खडखडाट जात नाही, उलट गोळी झटपट सुटायला लागली की तो जास्तच ऐकू येतो.

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, बोट नुसतं टेकवलं तरी सुटतोय." सेन्सरची संवेदनशीलता मीच उत्साहात सगळ्यात वर ठेवली होती. ती खाली आणायची म्हणजे परत ती गुणगुण मोजणं आलं, आणि फोनवरून ते समजावणं माझ्या आवाक्यातलं नाही. म्हटलं, ये संध्याकाळी. पण मॅगझिन काढून ये, स्प्रिंग सोडून ये, आणि बॅटरी वेगळी आण.