हेल्थ ९६ टक्के, आणि एसएसडी एका रात्रीत गेली: १७ महिन्यांचा अनुभव

रात्री लॅपटॉप नेहमीसारखा बंद केला, सकाळी बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्हच दिसेना. आधी ना कधी एरर, ना कधी हँग. ५०० जीबीची टीएलसी एनव्हीएमई (एसएसडीचा एक प्रकार); हमी ५ वर्षं किंवा ३०० टीबीडब्ल्यू (एकूण लिहिलेला डेटा, टेराबाइटमध्ये), जे आधी संपेल ते.

या ३०० पायी मी १७ महिने जिवाचा आटापिटा केला. ड्राइव्हवर कमी लिहिलं जावं म्हणून ब्राउझरची कॅश (तात्पुरत्या फाइली) हार्ड डिस्कवर हलवली, डाउनलोडही तिकडेच, हायबरनेट बंद. दर रविवारी स्मार्टचे (ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदींचे) आकडे वहीत. शेवटची नोंद: एकूण राइट ११ टीबी, झीज ४ टक्के, म्हणजे हेल्थ ९६. राइट दिवसाला साधारण २१ जीबी. या वेगाने ३०० भरायला ३८ वर्षं लागली असती. गेला कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी चिप), असं सर्व्हिसवाले म्हणाले. हेल्थचा टक्का नँड सेल (डेटा साठवणारे कप्पे) किती झिजले तेवढंच सांगतो, कंट्रोलरचं त्यात काहीच येत नाही. कॅश हलवण्यात घातलेला वेळ बॅकअपला द्यायला हवा होता.

बदली ड्राइव्ह ९ दिवसांत आली, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुनी परत द्यावी लागते, आणि जी दिसतच नाही ती पुसायची कशी? घरचे फोटो, बँकेची कागदपत्रं, सगळं एन्क्रिप्शनशिवाय परक्याच्या हाती गेलं. हमीत डेटा येत नाही हे माहीत होतं. तो असा सोपवावा लागतो, हे कुणीच सांगितलं नव्हतं. हा राग अजून गेलेला नाही.

तेव्हा मी भेटेल त्याला हार्ड डिस्कच घ्या म्हणत होतो. माझ्या ९ वर्षं जुन्या डिस्कने तर पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) ० वरून ८ झाल्याचं दाखवलं, मी रातोरात कॉपी केली, फक्त २ फाइल गेल्या. मग दुसरी, पोर्टेबल डिस्क चालू असताना टेबलावरून पडली. टकटक आवाज, आणि खेळ खलास. एसएसडीला या पडण्याने काही झालं नसतं. तेव्हापासून माझा हेका सुटला.

लॅपटॉपमध्ये पुन्हा एसएसडीच आहे, पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्ट केलेली. कॅशही तिच्यावरच. बॅकअप मात्र दोन हार्ड डिस्कवर. झिजलेली एसएसडी कपाटात टाकून तिच्यावर विसंबू नका: जेडेक या चिपची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या निकषानुसार आयुष्य संपलेल्या घरगुती एसएसडीने वीज नसताना ३० अंशांत १ वर्ष डेटा धरला तरी ती पास.

वहीत आता टीबीडब्ल्यू लिहीत नाही. बॅकअपची तारीख लिहितो, आणि त्यातली एखादी फाइल उघडून बघतो.