२० लिटरचं यंत्र, ३.५ लिटरची टाकी: फोंड्यातला १३ महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी डीह्युमिडिफायर घेतला, म्हणजे हवेतला दमटपणा ओढून त्याचं पाणी करणारं यंत्र. आधी त्याच्या टाकीबद्दल बोलते, बाकीचं मग. खोक्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलंय, दिवसाला २० लिटर. पाणी साठायची टाकी मात्र ३.५ लिटरची. रात्री दहाला डीह्युमिडिफायर लावला की दोन-सव्वादोनला टाकी भरते, यंत्र थांबतं आणि टिंग-टिंग सुरू होतं. हा आवाज बंद करायचं बटण नाही. गेल्या वर्षीचा अख्खा जुलै मी रोज मध्यरात्री उठून मोरीत टाकी ओतत होते. ज्याने हे डिझाइन केलं, त्याने गोव्यातला पाऊस सोडाच, भिजलेला टॉवेलही पाहिला नसावा.

२० लिटरचा दावा तसा खोटा नाही. तो ३० अंश तापमान आणि ८० टक्के दमटपणा धरून केलेला असतो, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर ते फुकट मिळतं.

घर जांभ्या चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं, मागे सिमेंटच्या पत्र्यांची पडवी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. शालूंवर पांढरी बुरशी, ह्यांच्या पेटीच्या भात्याला वास, कपाटामागची भिंत काळी. कापूर झाला, डांबराच्या गोळ्या झाल्या, कपाटात बल्ब लावून झाला. शेवटी १८ हजार मोजले. सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत, मग त्याला ‘पावसाचा डबा’ म्हणू लागल्या.

घ्यायचं असेल तर आधी ३५० रुपयांचं दमटपणा मोजायचं घड्याळ घ्या. माझ्या खोलीत ते ८९ दाखवत होतं. दारं-खिडक्या बंद करून चार तासांनी ५७. साठच्या खाली राहिलं की नवी बुरशी सहसा धरत नाही. पण ही गंमत फक्त माळा असलेल्या खोलीतली. हॉलमध्ये वर नुसती कौलं, तिथे दिवसभर चालवून आकडा ८५च्या खाली आला नाही. कौलांतून बाहेरची हवा येतच राहते, म्हणजे मी अख्ख्या गावाचा दमटपणा स्वतःच्या बिलावर काढत होते. बिलाचं म्हणाल तर ३०० वॅटचं यंत्र, दहा तासांचे तीन युनिट. खोली थोडी तापते, त्यात कपडे मात्र झकास वाळतात.

आता भांडण. चवथीच्या आठ दिवस आधी रिकाम्या टाकीवरही ‘भरली’चा लाल दिवा लागला आणि यंत्र ढिम्म. सर्व्हिसचा मुलगा चौथ्या फोनला आला. मागचं झाकण न उघडताच म्हणाला, "मॅडम, बोर्ड गेलो. बदलपाक जाय." म्हणजे बदलायला हवा. ४,६०० रुपये. म्हटलं, घेऊन दीड महिना झालाय, वॉरंटी आहे की! तर म्हणे आत पाणी गेलंय, ते वॉरंटीत बसत नाही. पाणी गोळा करायच्या यंत्रात पाणी गेलं हा माझा गुन्हा! त्याला चहा पाजून परत पाठवला आणि रात्री टाकी घेऊन बसले. आत एक तरंगता तुकडा असतो, त्यात छोटं लोहचुंबक. पाणी वर चढलं की चुंबक जागेवरून सरकतं, त्यावरून यंत्राला टाकी भरल्याचं कळतं; चुंबकच नसलं तरी त्याला तसंच वाटतं. आमचं चुंबक निखळून कुठल्याशा मध्यरात्री पाण्यासोबत मोरीत गेलं होतं. जुन्या पर्सच्या बटणातलं काढून उलटसुलट करत चिकटवलं. लगेच लावलं तर चालू होईना, धस्स झालं. पण तीन मिनिटांनी कॉम्प्रेसर घुमला. (बंद केल्यावर तेवढा वेळ तो थांबतोच, हे पुस्तिकेत आहे. पुस्तिका मी नंतर वाचली.)

तेव्हा मी याला पाचपैकी पाच दिले होते. सप्टेंबरात दोन केले. कारण घड्याळ ५५ दाखवत असताना कपाटामागची भिंत पुन्हा काळी. ब्लीचने पुसली की पांढरी, पंधरा दिवसांनी तशीच. यंत्र हवा सुकवतं, भिंतीत शिरणारं पाणी नाही. चिरा सच्छिद्र, तो पाणी पितो, आणि पाणी येत होतं मागच्या पडवीच्या पत्र्यांच्या फुटक्या वायसरांतून.

हे पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे. आपल्याकडे त्याची खाण बंद झाली, पण कच्चा माल बाहेरून येतो आणि पत्रे राजरोस विकले जातात. शाबूत असताना फारसं काही नाही. कापला, फोडला, भोक पाडलं की बारीक तंतू उडतात, आणि त्याचा कर्करोग वीस-तीस-चाळीस वर्षांनी उगवतो. मेस्त्री हातोडा घेऊनच आला होता. "तीस वर्षं हेच करतो, काय झालं मला?" म्हणाला. मी शिडीच अडवून धरली. शेवटी ऑक्टोबरात, पाऊस गेल्यावर, माझ्या पद्धतीने झालं. पत्रे साबणाच्या पाण्याने भिजवले, गंजलेले हुक हॅकसॉने कापले, पत्रे अख्खेच खाली उतरवले, प्लॅस्टिकच्या दोन थरांत गुंडाळले. खाली पडलेलं ओल्या फडक्याने टिपलं, केरसुणी हातात घेऊ दिली नाही. मजुरी दुप्पट गेली, ती अजून डाचते. मास्क मात्र धुळीचा साधा कापडी नव्हे, चांगल्या फिल्टरचाच आणला. शेजारच्या काकांनी लगेच लाकडांवर घालायला दोन पत्रे मागितले. नाही म्हटलं, तेव्हापासून त्यांच्या झाडाचे फणस यायचे बंद झाले.

भिंतीचा जुना रंग ओला करून खरवडला, सुकू दिली आणि चुना लावला. चुन्याच्या क्षारावर बुरशी सहजी धरत नाही, शिवाय तो अँटीफंगल पेंटच्या कितीतरी स्वस्त. यंदाचा जुलैही उलटला, भिंत अजून पांढरी आहे. आता यंत्राला साडेतीन.

चार का नाहीत? टाकी! मागे पाइप जोडायला तोंड आहे, पण पाइप खोक्यात नाही आणि बाजारातला एकही त्या मापाचा बसत नाही. शेवटी मेस्त्रीच्याच लेव्हल बघायच्या नळीचा तुकडा गरम पाण्यात मऊ करून ठोकला, यंत्र पाटावर चढवलं आणि नळी उतार देऊन मोरीत सोडली. दोन महिने अखंड झोप.

मग सासूबाईंना कळलं की पाणी फुकट जातंय. त्या पाण्यात धातू आणि धूळ असते म्हणून ते पिऊ नये, इन्व्हर्टरच्या बॅटरीतही घालू नये, हे मीच त्यांना सांगितलं होतं. पण अबोलीला चालेल ना? काल रात्री अडीचला टिंग-टिंग. नळी काढून गुंडाळून कपाटावर ठेवलेली, टाकी काठोकाठ, आणि दारात कळशी तयार.