कानात प्लॅटिनम : नऊ महिन्यांनंतर

बेळगावच्या शहापुरात आमचं सोनारकाम, तिसरी पिढी. ऐकू येणं कमी होत होत बंदच पडलं, कर्णयंत्रानंही भागेना, म्हणून डाव्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसवून घेतलं. बाहेरचं यंत्र आवाज टिपतं, आणि कानाच्या शंखात, म्हणजे आतल्या वळणदार नळीत, घातलेली तार तो विजेनं नसेला पोचवते. घेताना सगळे बाहेरच्या यंत्राचंच सांगतात. रंग कोणता, बॅटरी किती चालते, मोबाइल जोडता येतो का. ते उद्या बदलता येईल हो! आतली तार सहजी बदलत नाही. मी विचारलं, धातू कोणता?

प्लॅटिनम. मग सोनं का नको, ते तर गंजत नाही? याचं उत्तर आमच्याच गिलिटाच्या, म्हणजे विजेनं मुलामा चढवायच्या टाकीत होतं. खारट द्रवात वीज सोडली की सोनंही विरघळू लागतं, आणि कानाच्या शंखातला द्रव खारटच. चांदी तर त्याहून वाईट, झिजली की आसपासच्या पेशींना विषारी. प्लॅटिनम टिकतं, तरी त्यालाही वीज एकाच दिशेनं देत नाहीत. विजेच्या प्रत्येक ठोक्याला जितकी सोडली तितकीच लगेच उलटी. टाकीत आम्ही असं केलं तर मुलामा चढायचाच नाही.

तारेवर सिलिकॉन, कारण शंखात वळण घेत शिरायचं तर मऊपणा हवा. पण सिलिकॉनमधून वाफ हळूहळू झिरपते, म्हणून सर्किट टायटॅनियमच्या बंद डबीत. तारा बाहेर येतात तिथं सिरॅमिकचा जोड. हे डाग देण्याचं, म्हणजे सांधण्याचं काम कुणी केलं त्याला माझा नमस्कार.

तारेवर वीज सोडणारे २२ बिंदू. पहिल्या तपासणीत विजेला अडथळा बराच होता. शरीर परक्या वस्तूभोवती पातळ पापुद्रा धरतं म्हणे. वापर सुरू झाल्यावर अडथळा उतरला, गेल्या तीन खेपा आकडे जवळपास तेच. एक बिंदू मात्र निकामी निघाला, तो बंद करून २१ वर चाललंय.

पहिला महिना सगळी माणसं पत्र्याच्या डब्यातून बोलायची. आता गिऱ्हाइकाचं कानडी 'एष्टु री?' आणि मराठी 'किती हो?' दोन्ही पाठमोरा असताना कळतं. भजनातली पेटी अजून नुसता कलकलाट.

तक्रार बाहेरच्या भागाची. आतलं चोवीस तास खारट द्रवात सुखात आहे आणि याला बेळगावचा पाऊस सोसत नाही. जुलैत दोनदा मुकं झालं. आता रोज रात्री सुकवणीच्या डबीत ठेवतो. शिवाय डोक्यावरच्या चकतीत चुंबक. दुकानात कानशीचा लोखंडी कीस तिला चिकटतो, संध्याकाळी बायको दाताच्या ब्रशनं झाडून देते.