पाथर्डी फाट्याचा नवा फ्लॅट की गंगापूर रोडचा जुना?

भाच्याने नाशिकला दोन फ्लॅट निवडून ठेवले आणि मला विचारलं, "मामा, कुठला घेऊ?" एक पाथर्डी फाट्याला, काम चालू असलेल्या इमारतीत अकराव्या मजल्यावर. दुसरा गंगापूर रोडवरून गोदावरी नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत, वीस वर्षांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दोन्ही टू बीएचके, दोन्हींचा आकडा ४४ लाख. तो अंबडला कंपनीत, भाचेसून गंगापूर रोडच्या एका शाळेत शिक्षिका, आणि सोबत त्याची आई, म्हणजे माझी ताई.

त्याने चौरस फुटाचा दर काढून जुना स्वस्त ठरवला होता. पण जुन्याचा एजंट बिल्टअप सांगत होता, म्हणजे बाहेरच्या भिंती, बाल्कनी सगळं धरून, आणि नव्याचा बिल्डर रेरा कार्पेट, म्हणजे रेरा या बांधकाम कायद्याप्रमाणे आतली वापरायची जागा. रेराच्या कार्पेटमध्ये आतल्या भिंती येतात, बाल्कनी येत नाही. म्हणून दोन्हीकडे टेप लावली. कागदावर मोठा दिसणारा जुना फ्लॅट आतून जवळपास नव्याएवढाच निघाला.

४४ लाखही सारखे नाहीत. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या किंवा जुन्या घरावर जीएसटी नसतो. काम चालू असलेल्या घरावर तो ५ टक्के. नाशिकसारख्या शहरात कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत आणि एकूण रक्कम ४५ लाखांपर्यंत असेल तर मात्र १ टक्का. गोम त्या 'एकूण' शब्दात आहे. पार्किंग, डेव्हलपमेंट चार्जेस वगैरे धरून बिल ४६ लाखांवर गेलं की ४४ हजारांचा कर २ लाख ३० हजारांवर जातो. करारावर सही करण्याआधी सगळे आकडे एकाच कागदावर मागून घ्यायचे. मुद्रांक शुल्क दोन्हीकडे आहेच. महिलांना १ टक्का सवलत मिळते, पण घर फक्त बाईच्या नावावर असेल तर. नवऱ्याचं नाव जोडलं की ती गेली. घरपट्टीसाठी नव्या इमारतीच्या शेजारी राहणाऱ्यांचं चालू वर्षाचं बिल बघावं. २०१८ मध्ये महापालिकेने नव्या मिळकतींचं मूल्यांकन वाढवलं तेव्हा शहरात केवढी ओरड झाली होती, आठवत असेल.

पाणी नव्या घरात बघायचं, आणि नदीचं पाणी जुन्या घरात. पाथर्डी फाट्याला मी बिल्डरला एकच विचारलं: मे महिन्यात टँकरचं बिल कोण भरणार? तो हसला. नळजोडणी मिळेपर्यंत बोअर आणि टँकर, आणि त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये. लिफ्ट, जनरेटर, सांडपाणी प्रकल्प, क्लब हाउस, हे सगळं दरमहा भरायचं, कुणी वापरो न वापरो. शिवाय त्या बाजूला महापालिकेचा कचऱ्याचा खत प्रकल्प आहे. मार्चच्या दुपारी सॅम्पल फ्लॅट बघून वासाचं काही कळत नाही, पावसाळ्यात संध्याकाळी वारा पडला असताना एक चक्कर मारावी.

जुन्याकडे महापालिकेचं पाणी नीट येतं. पण गल्ली नदीकडे उतरते म्हटल्यावर पूररेषेचा नकाशा हवाच. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. २००८ आणि २०१९ चे पूर लोक रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं त्यावरून सांगतात, पण आपल्या पार्किंगमध्ये पाणी किती आलं होतं ते तळमजल्यावरच्या माणसालाच विचारावं. आणि पश्चिमेच्या भिंतीला नुकताच रंग दिलेला दिसला तर कोपऱ्यात हात लावून बघावा. आमच्या हाताला ओल लागली.

जुन्याची एक बाजू कुणी सांगत नाही. इमारत अपार्टमेंट कायद्याखाली आहे, बारा फ्लॅट, आणि जमिनीचा अविभक्त हिस्सा प्रत्येकाच्या नावावर. टॉवरमध्ये तसाच हिस्सा शंभर घरांत वाटला जातो. उद्या पुनर्विकास झाला तर खरी किंमत जमिनीची. पण २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल ते, समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतो, आणि आमची गल्ली अरुंद. त्यामुळे त्या आशेवर जास्त पैसे मोजू नयेत, असं माझं मत. इमारत जुनी म्हणून बँकही कर्जाची वर्षं कमी करते.

येण्याजाण्यात बरोबरी. फाट्याहून भाच्याची कंपनी जवळ, गल्लीतून भाचेसुनेची शाळा चालत. कुणी एकाने रोज शहर ओलांडायचंच. २०२७ च्या कुंभात पर्वणीच्या दिवशी नदीकडच्या रस्त्यांवर बंदोबस्त असणार, पण तो काही दिवसांचा प्रश्न. घरात पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाणारं कुणी असतं तर मी दोन्ही सोडून नाशिकरोड स्टेशनकडचे जेल रोड, उपनगर हे भाग बघायला लावले असते.

एवढा हिशेब झाल्यावर लक्षात आलं, दिवसभर घरात असणार ती ताई, आणि तिला एकही घर दाखवलेलं नाही. नेलं. गंगापूर रोडला दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती पायरीवर बसली, म्हणाली, "तुम्ही बघून या." पाथर्डी फाट्याचा सॅम्पल फ्लॅट तिला आवडला. मग खाली येऊन विचारते, "इथं भाजी कुठं मिळते रे? आणि बोलायला कोण?"

आता तिघं मिळून गंगापूर रोडलाच पहिल्या मजल्यावरचं घर शोधतायत. बजेटात बसतंय ते एक खोली कमी असलेलं.