पिल्ले म्हणून विकलेली मुरलेली कबुतरे

पक्ष्यांचा माग काढणाऱ्या कुत्र्यांना शिकवण्यासाठी मी होमर जातीची कबुतरे पाळतो, कारण लाँचरमधून, म्हणजे पक्ष्याला झटक्यात हवेत सोडणाऱ्या पेटीतून, सुटलेले निरोगी होमर सरळ आपल्या ढाबळीकडे झेपावते आणि तोच पक्षी पुन्हा कामाला येतो. एका विक्रेत्याने नेमक्या याच गुणावर आपला धंदा उभारला आहे.

मला चार-पाच आठवड्यांची, नुकतीच स्वतः दाणे टिपू लागलेली पिल्ले हवी होती. ज्या ढाबळीभोवती होमर उडायला शिकते तिलाच ते घर मानते. मोठे झालेले कबुतर दुसरीकडे नेऊन कितीही कोंडले तरी मोकळे सोडताच ते बहुधा जुन्या मालकाकडे परत जाते, म्हणून जाणकार असे पक्षी केवळ विणीसाठी बंदिस्त ठेवतात आणि उडवतात ती त्यांची पिल्ले. विक्रेत्याने मला पक्ष्यांच्या पायांतली, जन्मसाल म्हणून चालू वर्ष कोरलेली कडी दाखवली आणि थोडे दिवस कोंडल्यावर ते माझ्याकडे रुळतील, असे छातीठोकपणे सांगितले.

ढाबळीच्या एकेरी, म्हणजे फक्त आत ढकलल्या जाणाऱ्या, तारदारातून आत शिरण्याची सवय लावून मी ते पक्षी सोडले, तेव्हा एकही परतला नाही. विक्रेत्याने ससाण्यावर खापर फोडले आणि भरपाई म्हणून आणखी काही पक्षी दिले, जे वरून धडधाकट दिसत होते. त्यांपैकी एक लाँचरमधून उडताच धडपडत गवतात पडले आणि माझ्या तरुण पॉइंटरने, म्हणजे पक्ष्याचा वास येताच स्थिर उभे राहून तो दाखवणाऱ्या जातीच्या कुत्र्याने, ते पकडले. त्याची चोच उघडून पाहिली, तर घशात पनीरच्या चुऱ्यासारखा पिवळा थर होता. हा कँकर, म्हणजे ट्रायकोमोनास या परजीवीचा रोग. पैसे गेल्याचे मला तितके दुःख नाही, परंतु पक्षी हाती लागतो हे कुत्र्याला एकदा कळले, की ते स्थिर उभे राहण्याऐवजी पुढे सरकू लागते, आणि ती खोड मोडणे फार कष्टाचे असते.

हा प्रकार उघडकीस आला तो एका खुणेमुळे. मी पहिल्या पक्ष्यांच्या उजव्या पंखातल्या एका पिसाच्या आतल्या बाजूला जांभळ्या पक्क्या शाईचा ठिपका लावला होता, आणि पुढे दुसऱ्या एका प्रशिक्षकाने त्याच विक्रेत्याकडून घेतलेल्या कबुतराचा पंख उलगडला तेव्हा तोच ठिपका दिसला, मात्र पायात कडे नवे होते. म्हणजे माझ्याकडून जुन्या ढाबळीत परतलेला पक्षी विक्रेत्याने कडे बदलून पुन्हा विकला होता. अखंड कडे पिल्लू साधारण आठवड्याचे असतानाच पायात सरकवावे लागते, नंतर ते पंजावरून जात नाही. या कड्यावर नख फिरवताच उभी, केसाएवढी चीर लागली. चिरलेले कडे कोणत्याही वयात घालून चिकटवता येते, त्यामुळे त्यावरचे साल काहीच सिद्ध करत नाही.

वय कड्यावरून नव्हे, तर पक्ष्यावरून ओळखावे. कोवळ्या पिल्लाच्या चोचीवरचा मांसल भाग गुलाबीसर असतो, डोळे मंद रंगाचे असतात, आवाज किंकाळल्यासारखा बारीक असतो आणि मानेवर पिवळे तंतू रेंगाळलेले दिसतात. प्रौढात तो भाग पांढरा, भुकटी लावल्यासारखा होतो. शक्य असल्यास घरट्यातले पिल्लू आईबापांसह दाखवा, असा आग्रह धरावा. त्या विक्रेत्याने मला घरटी दाखवण्याचे दर वेळी टाळले होते.

ज्यांनी अलीकडे असे पक्षी घेतले असतील, त्यांनी उजव्या पंखातली लांब पिसे खालच्या बाजूने तपासावीत. ती गळून नवी येईपर्यंत जांभळा ठिपका टिकून राहतो.