अर्ज फुकट, नाव गुप्त, पण निकाल न्यायाधीश कोण त्यावर

अमेरिकेतील अनेक राज्यांत अठरा वर्षांखालील मुलीला गर्भपात करून घ्यायचा असल्यास आईवडिलांपैकी किमान एकाची संमती लागते, किंवा त्यांना आगाऊ कळवावे लागते. ज्या मुलीला घरी तोंड उघडण्याचीही सोय नाही, तिच्यासाठी ‘ज्युडिशियल बायपास’ आहे, म्हणजे पालकांऐवजी न्यायाधीशाची परवानगी. पालकांच्या संमतीची सक्ती करणाऱ्या राज्याने असा दुसरा मार्ग ठेवलाच पाहिजे, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली ‘बेलोटी विरुद्ध बेअर्ड’ खटल्यात मांडली. एक सार्वजनिक सेवा म्हणून ही बायपासची सोय मुलीच्या कितपत उपयोगी पडते, एवढेच येथे पाहायचे आहे.

कागदावर ती उत्तम आहे. मुलीचे नाव उघड होत नाही, कामकाज ‘जेन डो’ अशा टोपणनावाने चालते, आणि मुलगी पुरेशी समंजस आहे किंवा गर्भपात तिच्या हिताचा आहे, यांपैकी एक गोष्ट पटली तरी परवानगी मिळू शकते. टेक्सासने तर अर्जाला शुल्कही ठेवले नव्हते. मात्र याच राज्याने सेवा कशी पातळ केली तेही पाहण्यासारखे आहे. पूर्वी न्यायालयाने मुदतीत निर्णय दिला नाही, तर अर्ज मंजूर झाला असे मानले जाई. २०१६ पासून कामकाजाच्या दोन दिवसांची मुदत पाच दिवसांवर गेली आणि निर्णयच आला नाही, तर अर्ज आपोआप मंजूर मानण्याची सोयही गेली. न्यायालयाच्या दिरंगाईचा भुर्दंड मुलीने भरायचा, असाच याचा अर्थ.

सर्वांत मोठी उणीव ‘समंजसपणा’ मोजण्यात आहे, कारण त्याचे माप ज्याच्या त्याच्या हातात आहे. फ्लोरिडात २०२२ साली आईवडिलांचे छत्र नसलेल्या, दहा आठवड्यांच्या गरोदर अशा सोळा वर्षांच्या मुलीचा अर्ज ती हा निर्णय घेण्याइतकी प्रगल्भ नाही म्हणून नाकारण्यात आला, आणि अपील न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. गर्भपात ठरवायला जी लहान, ती मूल वाढवायला मोठी कशी, हे कोडे मला सुटलेले नाही.

म्हणूनच या सेवेचे खरे गुण द्यायचे तर ते मुलीला वकील मिळवून देणाऱ्या संस्थांना द्यावे लागतील. टेक्सासमधील ‘जेन्स ड्यू प्रोसेस’ ही संस्था २००१ पासून हेच काम विनामूल्य करत होती. २०२२ मध्ये त्या राज्यात गर्भपातावर जवळपास संपूर्ण बंदी आल्यावर बायपासचा मार्ग तेथे नावापुरता उरला. तेव्हा संस्थेने गर्भनिरोधक साधने आणि परराज्यातील प्रवासाची मदत यांकडे मोर्चा वळवला. न्यू मेक्सिकोत पालकांना कळवण्याची सक्ती नाही, इलिनॉयने ती जून २०२२ पासून उठवली, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलीला आता कोणाची परवानगी लागत नाही. अर्थात प्रवासखर्च आणि घरातून निघण्याची सबब यांचे काय, हा प्रश्न कोणताही कायदा सोडवत नाही.

मूल जन्माला घालायचे ठरवणाऱ्या मुलीला मात्र तोच टेक्सास बराच मोकळा हात देतो: अविवाहित गरोदर मुलगी गर्भपात सोडून गरोदरपणाशी संबंधित उपचारांना स्वतःच संमती देऊ शकते, आणि बाळ ठरावीक सुरक्षित ठिकाणी सोपवण्याची तरतूद तेथे १९९९ पासून आहे (आता साठ दिवसांपर्यंतच्या बाळासाठी). संघराज्याचे अनुदान घेणाऱ्या शाळेतून गरोदर म्हणून तिला काढता येत नाही, हे शिक्षणातील लिंगभेदाला मनाई करणारा संघराज्याचा ‘टायटल नाइन’ कायदा सांगतो. ही माहिती न्यायालयाच्या खिडकीवर आपणहून कोणी देईल, अशी अपेक्षा धरू नये.

पाचपैकी दोन गुण. मदत करणाऱ्या वकिलांना वेगळे चार. जेथे बायपास अजून चालू आहे, तेथील मुलीने आधी अशा संस्थेच्या हेल्पलाइनशी बोलावे आणि अर्ज नंतर भरावा, कारण आठवडे मोजले जात असताना फेटाळलेल्या अर्जावर अपील करत बसणे परवडत नाही.