किलिमांजारो की माउंट केनिया?

आफ्रिकेतलं सगळ्यात उंच शिखर गाठायचं एवढंच मनात असेल, तर फार विचार न करता टांझानियाचा किलिमांजारो (५८९५ मीटर) धरा. दोर लागत नाही, कातळाला हात लावावा लागतो तो बारान्कोच्या भिंतीवर थोडासा. कस लागतो तो विरळ हवेत. म्हणून कळकळीनं सांगते, पैसे वाचवायला मारांगूची वाट पाच दिवसांत उरकू नका. लेमोशोनं सात-आठ दिवस द्या, शरीराला उंचीची सवय होऊ द्या.

पण मला विचाराल तर माझं मत माउंट केनियाला. किलिमांजारोचा किबो, म्हणजे त्याचा सगळ्यात उंच ज्वालामुखी सुळका, नुसता झोपलेला आहे, त्याचं विवर शाबूत आहे. माउंट केनिया मात्र कधीच विझला. हिमनद्यांनी त्याचं विवर खरवडून नेलं आणि ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला दगडाचा गाभा तेवढा उभा राहिला. बाटियान (५१९९ मीटर) आणि नेलियन (५१८८ मीटर) ही जोडशिखरं म्हणजे तो गाभाच. लिंगाण्यावर दोर लावून चढलेल्यांना हा डोंगर लगेच आपला वाटेल. फक्त एवढंच, की नेलियनच्या नेहमीच्या वाटेवर दोरानं चढायचे वीसेक टप्पे आहेत आणि तेही पाच हजार मीटरच्या आसपास. डोंगर विषुववृत्ताला खेटून असल्यानं ऋतूही बाजू बदलतात: जुलै-सप्टेंबरात उत्तरेकडचा कातळ कोरडा, जानेवारी-फेब्रुवारीत दक्षिणेकडचा. तारखा ठरवताना हे आधी बघा.

दोरकाम येत नसेल तरी अडत नाही. पॉइंट लेनाना (४९८५ मीटर) चालत होतो. सिरिमोनच्या वाटेनं चढा, चोगोरियाच्या वाटेनं उतरा, आणि इथेही एखादा दिवस जास्तीचा ठेवा. वाटेत पहाटे लोबेलियाच्या पानांच्या वाटीत डोकावून बघा: वर बर्फाची पातळ चकती, खाली न गोठलेलं पाणी. त्यातच झाडाचा कोवळा कोंब रात्र काढतो. किलिमांजारोच्या मानानं गर्दी आणि खर्च दोन्ही कमी.

बर्फ बघायचा असेल तर मात्र दोन्हीकडे घाई करा. लेनानाखालची लुईस हिमनदी झपाट्यानं आटून आता तुकड्यांवर आली आहे.

आणि पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. केनियाहून परतताना भारतात विमानतळावर प्रमाणपत्र मागतात.